युरेका: एका फसव्या कोडापासून तंत्रज्ञांच्या सामायिक वहीपर्यंत

मोठं कॉपी मशीन काम करता करता बंद पडतं. परत चालू केलं की ई०५३ हा बिघाडाचा कोड दिसतो. दुरुस्तीला आलेला तंत्रज्ञ मॅन्युअल उघडतो. ई०५३ साठी तपासणीची वाट तिथे आखून दिलेली असते: इथलं व्होल्टेज मोजा, बरोबर आलं तर या पानावर जा, चुकीचं आलं तर त्या पानावर. तो ती वाट शेवटपर्यंत चालतो, सुटे भाग बदलून बघतो, तासन्‌तास जातात. मशीन पुन्हा बंद पडतं आणि पुन्हा ई०५३ दाखवतं. बिघाड त्या वाटेवर नसतोच.

तो असतो डायकोरोट्रॉनमध्ये. कॉपी मशीनमधल्या प्रकाशसंवेदी पृष्ठभागावर विद्युतभार चढवणारी, काचेचं आवरण असलेली ही बारीक तार काही हजार व्होल्टवर चालते. तिच्यावर घाण बसली किंवा आवरणाला तडा गेला की ठिणगी पडते. जुन्या रचनेत अशी ठिणगी पडली की नियंत्रणाचा बोर्डच जळायचा. नुकसान मोठं, पण खूण स्पष्ट. नव्या रचनेत अभियंत्यांनी बोर्ड वाचवला. आता ठिणगी पडली की कमी दाबाच्या वीजपुरवठ्यातला २४ व्होल्टचा इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच वीज तोडणारी सोय, तुटतो, मशीन कोसळतं आणि उठल्यावर ई०५३ दाखवतं. खऱ्या जागेकडे बोट दाखवणारा एफ०६६ हा कोड कधी येतो, कधी येत नाही. यंत्र सुधारलं आणि त्या सुधारणेनेच बिघाडाची खूण पुसून टाकली. मॅन्युअल लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. एका तंत्रज्ञाला ते हाताने सापडलं आणि त्याने ते दुसऱ्याला गप्पांमध्ये सांगितलं.

हा किस्सा १९८० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांबरोबर फिरलेले मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी टिपून ठेवला. या प्रकरणाचा प्रश्न त्यातच आहे. एकाला सापडलेली गोष्ट ज्यांना आज ना उद्या लागणार आहे त्या हजारो जणांपर्यंत कशी पोचावी, आणि ती पोचवताना ज्या गप्पांमधून ती जन्मली त्या गप्पा मरू नयेत यासाठी काय करावं? झेरॉक्समध्ये याचं जे उत्तर निघालं त्याचं नाव युरेका: तंत्रज्ञांनीच लिहिलेल्या आणि तंत्रज्ञांनीच तपासलेल्या टिपांची व्यवस्था.

कंपनी, माणसं आणि मॅन्युअल

झेरॉक्सचं ९१४ हे मशीन १९५९ साली आलं. ते विकण्यापेक्षा भाड्याने देण्यावर कंपनीचा भर होता: महिना ९५ डॉलर, त्यात २,००० प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीचे वेगळे पैसे. हिशेब प्रतींवर असल्यामुळे बंद पडलेलं मशीन म्हणजे थांबलेलं उत्पन्न. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांचा ताफा पहिल्यापासूनच कंपनीच्या धंद्याच्या मुळाशी होता. पुढे तो जगभर वीस हजारांच्या वर गेला.

या ताफ्यातला तंत्रज्ञ बहुतेक वेळ एकटा असतो. गाडी, हत्यारांची पेटी, थोडे सुटे भाग आणि दिवसभरात चार-पाच ठिकाणची कामं. त्याच्या हाती कंपनीने दिलेलं मॅन्युअल ‘असं असेल तर इकडे, तसं असेल तर तिकडे’ अशा फांद्यांचं होतं. त्यामागचा विचार सरळ होता: तपासणीची प्रत्येक पायरी वरून ठरवून दिली की तंत्रज्ञाला कमी शिकवावं लागेल आणि चुकाही कमी होतील. चूक गृहीतकात होती. मॅन्युअल लिहिणाऱ्याला आधी सुचलेले बिघाडच त्यात येऊ शकतात. यंत्र चार वर्षं वापरलं गेलं, खोलीत दमट हवा आहे, कागद ओल धरून वळतो, कुणीतरी स्टेपलची पिन आत पाडली आहे, आणि गेल्या महिन्यात बदललेला भाग वेगळ्या खेपेतला आहे, असे सगळे योग जुळून आलेला बिघाड कुठल्याच फांदीवर बसत नाही.

ऑर यांनी आधी स्वतः तंत्रज्ञ म्हणून काम केलेलं होतं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात असताना त्यांनी तंत्रज्ञांचं प्रशिक्षण घेतलं आणि मग त्यांच्या मागे मागे फिरून पाहिलं. तंत्रज्ञ सकाळी एकत्र नाश्ता करतात, दुपारी एकत्र जेवतात, जेवता जेवता पत्ते खेळतात. व्यवस्थापनाच्या नजरेत हा रिकामा वेळ होता. प्रत्यक्षात त्या टेबलावर सतत मशीनच्या गोष्टी चालू असत: कुठलं मशीन काय करत होतं, आधी काय वाटलं, काय करून पाहिलं, कशाने फसवलं, शेवटी काय निघालं. ऐकणारे मध्येच थांबवून विचारत, ‘तेव्हा अमुक कोड येत होता का?’ सांगणारा आठवून उत्तर देई. दोघांच्या डोक्यातलं मशीनचं चित्र थोडं बदलून पक्कं होई.

ऑर यांच्या नोंदींत एक प्रसंग आहे. एक तंत्रज्ञ आणि त्याच्या मदतीला आलेला वरिष्ठ तज्ज्ञ एका हट्टी मशीनसमोर उभे आहेत. कोड भरपूर येतात, पण मॅन्युअलशी जुळत नाहीत. मशीनच बदलून देणं हा एक मार्ग होता, पण त्यात ग्राहकासमोर कंपनीची आणि तंत्रज्ञाची दोघांचीही पत जाते. पाच तास दोघं एकमेकांना आधीच्या अनुभवांचे किस्से सांगत राहिले. एक किस्सा दुसऱ्याची आठवण काढतो, दुसऱ्यामुळे एखादी चाचणी सुचते, चाचणीचा निकाल पहिल्या किस्स्याचा अर्थ बदलतो. असं करत शेवटी सगळ्या खुणांना सामावणारी एक गोष्ट तयार झाली आणि मशीन दुरुस्त झालं. ती गोष्ट मग जेवणाच्या टेबलावर गेली. इथे किस्सा सांगणं हीच निदानाची पद्धत आहे, कामातून काढलेली सुट्टी नव्हे. हे समजलं नाही तर पुढचं सगळं प्रकरण एका सॉफ्टवेअरची जाहिरात वाटेल.

असं एकच काम करणाऱ्या, त्या कामातून एकमेकांना ओळखणाऱ्या आणि एकमेकांकडून शिकणाऱ्या गटाला १९९१ साली जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या अभ्यासकांनी ‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ हे नाव दिलं. त्यांच्यासमोर मेक्सिकोतल्या युकातानमधल्या सुईणी आणि लायबेरियातले शिंपी होते. त्याच वर्षी जॉन सीली ब्राउन आणि पॉल दुगिड या अभ्यासकांनी ऑर यांच्या तंत्रज्ञांवरून तोच विचार कंपन्यांना लागू केला. इथे अशा गटाला ‘समकर्मी समूह’ म्हणू. खात्यांचा तक्ता काढला तर तो त्यात दिसत नाही. तो कुणी स्थापन केलेला नसतो आणि कुणाच्या हुकमाने चालत नाही.

आधी जे चुकलं

पार्कमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या डॅनियल बोब्रो यांच्या गटाने पहिल्यांदा वेगळाच मार्ग धरला होता. यंत्राच्या एका भागाचं संगणकीय प्रारूप तयार करायचं, लक्षणं दिली की त्याने बिघाड शोधून द्यायचा. तांत्रिकदृष्ट्या काम उत्तम होतं. मग ते तंत्रज्ञांना दाखवलं. त्यांना कौतुक वाटलं, पण उपयोग वाटला नाही. प्रारूपाला यंत्र जसं रचलं तसंच माहीत होतं. जे बिघाड त्या रचनेतून तर्काने काढता येतात ते तंत्रज्ञ तसेही काढत होते. त्यांचा वेळ जात होता तो रचनेत नसलेल्या गोष्टींवर: झिजलेला भाग, ठरावीक खेपेतली खराब जोडणी, दोन दोषांनी मिळून उभं केलेलं तिसरंच लक्षण.

इथे संशोधकांनी जे केलं ते सहसा होत नाही. त्यांनी तयार झालेली वस्तू बाजूला ठेवली आणि तंत्रज्ञांना विचारलं की अवघड बिघाड सुटतो तेव्हा नेमका कशाने सुटतो. उत्तर होतं, कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीने.

अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये एक दुसरा प्रयोगही झाला होता. तंत्रज्ञांना दुहेरी रेडिओ दिले, म्हणजे कामावर असतानाही एकमेकांशी बोलता यावं. तो चालला. नवीन माणसं नुसती ऐकूनही शिकत. पण रेडिओवरचं बोलणं हवेत विरतं आणि त्याच टापूत राहतं. परवा ऐकलेलं आज आठवलं नाही तर ते गेलंच, आणि दुसऱ्या शहरातल्याला ते कधी मिळालंच नाही. गरज दोन गोष्टींची होती: बोलण्याइतकं सहज आणि कागदाइतकं टिकाऊ.

फ्रान्समधली वही

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पार्कचे ऑलिव्हिये रेमान यांनी फ्रान्समधल्या तंत्रज्ञांबरोबर काम सुरू केलं. तिथल्या तंत्रज्ञांच्या खिशात वह्या असत. प्रत्येक जण आपल्या युक्त्या लिहून ठेवी, जवळच्या मित्राला त्याची प्रत देई. म्हणजे देण्याची सवय आधीच होती, फक्त तिची पोच मित्रापुरती होती. जमलेल्या युक्त्या लॅपटॉपवर घालून एका छोट्या गटाला वापरायला दिल्या आणि त्यांची तुलना बाकीच्यांशी केली. दुरुस्तीचा वेळ आणि सुट्या भागांचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी कमी आला. हा आकडा मोठा आहे, कारण या धंद्यात खर्चाची गंगोत्री ‘खात्री नाही, म्हणून भाग बदलून बघू’ इथे असते.

देशभर पसरवायला प्रत्येकाला लॅपटॉप देणं तेव्हा परवडणारं नव्हतं. पण फ्रान्समध्ये मिनिटेल होतं. १९८२ पासून देशभर पसरलेली ही टेलिफोनवर चालणारी सेवा घराघरांत पोचली होती, कारण तिचं साधं यंत्र फोन कंपनी फुकट देत असे. पडदा मजकुरापुरता, एका ओळीत ४० अक्षरं, जेमतेम २५ ओळी. १९९५ च्या सुमारास युरेका ही टिपांची व्यवस्था या मिनिटेलवर सुरू झाली. नवीन यंत्र नाही, नवीन प्रशिक्षण नाही. आणि एवढ्याशा पडद्यावर कुणाला निबंध लिहिता येत नाही, हा फायदाच होता.

टिपेचा साचा तीन खणांचा: लक्षण, कारण, उपाय. सोबत यंत्राचं मॉडेल. पण युरेकाचा खरा प्राण साच्यात नव्हता, तपासणीत होता. तंत्रज्ञाने टीप पाठवली की ती थेट सर्वांपुढे जात नसे. त्या यंत्राच्या जाणकार तंत्रज्ञाकडे जाई. तो लेखकाला फोन करी. हे खरंच घडलं का, किती वेळा, कोणत्या मॉडेलवर? उपायाने बिघाड गेला की नुसता लपला? यात कुणाला विजेचा धक्का बसण्याचा धोका आहे का? मॅन्युअलमध्ये हेच आधी आहे का? गरज असेल तर तो स्वतः करून बघे. मग दोघं मिळून मजकूर घासत. टीप प्रसिद्ध होई तेव्हा तिच्यावर लेखकाचं आणि तपासणाऱ्याचं, दोघांचंही नाव असे.

या एका नियमाने तीन कामं केली. भिंतीपलीकडच्या अनोळखी माणसाच्या टिपेवर विसंबून ग्राहकाचं मशीन उघडायचं तर भरवसा हवा, तो दोन नावांनी मिळाला. लेखकाला मान मिळाला, कारण त्याच्या बरोबरीच्या लोकांत त्याचं नाव फिरू लागलं. आणि तपासणाऱ्याचीही पत पणाला लागली, म्हणून तो डोळे झाकून शिक्का मारत नव्हता. समकर्मी समूहात जेवणाच्या टेबलावर हेच घडत असतं: कोण सांगतोय हे माहीत असतं, ऐकणारे प्रश्न विचारतात, फसवी गोष्ट तिथेच गळून पडते. युरेकाने टेबलावरचे नियम जसेच्या तसे उचलले, फक्त टेबल लांब केलं.

पैशाचा प्रश्न

टिपा देणाऱ्यांना रोख बक्षीस द्यावं, असं सुचवलं गेलं. व्यवस्थापनाच्या अंगाने ही सूचना स्वाभाविक होती. तंत्रज्ञांनी ती नाकारली. पैसे लावले की माणसं टिपांची संख्या मोजतील, दर्जा मागे पडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी मागितलं ते नाव. नावाचं वजन किती, ते एका मेळाव्यात दिसलं. ज्याच्या टिपांनी अनेकांची कामं सोपी केली होती असा एक तंत्रज्ञ तिथे होता. सहकाऱ्यांनी उभं राहून, कुणी न सांगता, टाळ्या वाजवल्या.

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक संस्था नेमक्या याच ठिकाणी घसरतात. बक्षीस नको याचा अर्थ तंत्रज्ञ पैशाच्या पलीकडे गेलेले साधू होते असा नाही. पगार आणि वेळ यांवर ते हक्काने भांडत असतीलच. मुद्दा असा की टीप देणं हे त्यांच्यासाठी आधीपासून एक व्यवहार होतं, ज्यात आज मी देतो, उद्या मला मिळतं, आणि देणाऱ्याला जाणकार म्हणून ओळखलं जातं. त्यात बाहेरून किंमत चिकटवली की दोन दिवसांत ‘एका टिपेला एवढे’ हा दर होतो, आणि मग एकच टीप तीन तुकड्यांत पाठवणं शहाणपणाचं ठरतं. तपासणाऱ्याचा फोन हा मित्राचा फोन राहत नाही, तो बिल अडवणाऱ्या कारकुनाचा होतो.

पसरताना आलेल्या अडचणी

फ्रान्सनंतर कॅनडा, मग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिका आणि पुढे इतर देश. मुख्यालयाने हुकूम काढला आणि झालं, असं घडलं नाही. ज्या देशात एखाद्या सेवा-व्यवस्थापकाला पटलं तिथे ते रुजलं. मुख्यालयाची जुनी समजूत होती की यंत्राचं ज्ञान रचनाकाराकडून तंत्रज्ञाकडे वाहतं, उलटं नाही. त्यामुळे प्रत्यक्ष दुरुस्ती करणाऱ्या माणसाने लिहिलेला उपाय अधिकृत कसा मानायचा, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी नव्याने उभा राही. त्याला उत्तर तपासणीच्या साखळीनेच दिलं.

फ्रान्सबाहेर मिनिटेल नव्हतं. तिथे लॅपटॉप, फोनवरून जोडणी आणि टिपांचा साठा यंत्रात उतरवून घेणं असा मार्ग निघाला. तळघरातल्या छपाई खोलीत, जिथे फोनही नाही, तिथे तंत्रज्ञाला टीप हवी असते. म्हणून साठा बरोबर नेता येणं ही चैन नव्हती. साठ्यात शोधण्याची सोयही वेगळी लागली. माणूस समस्येचं नाव लिहीत नाही, तो कोड लिहितो, भागाचं बोलीतलं नाव लिहितो, अर्धवट शब्द लिहितो. अशा शोधाला लगेच उत्तर मिळालं नाही तर तो लॅपटॉप मिटून मित्राला फोन लावतो.

निकालाची सर्वांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट ब्राझीलची आहे. एका महागड्या रंगीत मशीनने तंत्रज्ञाला जेरीस आणलं होतं आणि सुमारे ४०,००० डॉलरचं मशीन बदलून देण्याची वेळ आली होती. युरेकात त्याला कॅनडातल्या माँट्रियलच्या एका तंत्रज्ञाची टीप सापडली. तिच्यावरून त्याने काही सेंटांचा एक भाग बदलला आणि मशीन चालू झालं. ब्राउन आणि दुगिड यांनी २००० सालच्या सुमारास कंपनीची एकूण बचत १० कोटी डॉलरपर्यंत असल्याचा अंदाज दिला. ब्राझीलची गोष्ट बचतीपेक्षा दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवावी. माँट्रियलच्या माणसाला ब्राझीलचा माणूस माहीत नव्हता. खिशातल्या वहीची पोच मित्रापर्यंत होती, ती इथे दोन खंडांच्या पार गेली, आणि तरी टिपेखाली एक नाव होतंच.

टिपेत न मावणारं

युरेकाचं कौतुक करताना एक गोष्ट निसटते. तीन खणांत गोष्टीचा सांगाडा येतो, गोष्ट येत नाही. ई०५३ ची टीप वाचून ई०५३ सुटेल. पण उद्या नव्या बोर्डावर एखाद्या दुसऱ्या सुधारणेने दुसरीच खूण पुसली, तर ते ओळखण्याची नजर टिपेतून येत नाही. ती येते, सांगणारा कुठे कुठे फसला ते ऐकल्यावर. म्हणून ज्या संस्थेने साठा उभा राहिला म्हणून सकाळचा नाश्ता बंद केला, तिचा साठा दोन-तीन वर्षांत जुना होतो आणि नव्या टिपा येणं आटतं. टेबल हा उगम आहे, साठा हा कालवा आहे.

हेच दुसरीकडे उभं करायचं तर

वीज वितरणाचे जोडारी असोत, रुग्णालयातले उपकरण तंत्रज्ञ असोत वा सॉफ्टवेअरची रात्रपाळी असो, क्रम हाच ठेवावा. पुढचे आकडे हे ठोकताळे आहेत. समूहाच्या आकारावर ते हलतील.

पहिले तीन-चार आठवडे काहीही बांधू नये. माणसांबरोबर फिरावं आणि दोनच गोष्टी शोधाव्यात: अडल्यावर कोण कुणाला फोन करतो, आणि खिशात, भिंतीवर, फोनमधल्या चॅटमध्ये काय लिहून ठेवलेलं आहे. ज्यांना सर्वांत जास्त फोन येतात ते पाच-सहा जण म्हणजे होणारे तपासणारे. त्यांना पदावरून निवडू नये. ज्या विभागात फोनच होत नाहीत, तिथे समकर्मी समूहच नाही. तिथे आधी माणसांना एकत्र बसवण्याचं काम आहे, टिपांचं नंतर.

सुरुवात तीस-चाळीस जणांनी आणि एका यंत्राने किंवा एका प्रकारच्या कामाने करावी. साठा रिकामा उघडू नये. वह्यांमधून निवडून, तपासून, लेखकांच्या परवानगीने आणि नावाने पन्नासेक टिपा आधी भराव्यात. माणूस पहिल्यांदा शोधतो तेव्हा त्याला काही सापडलं नाही तर तो पुन्हा फारसा येत नाही.

तपासणाऱ्याला आठवड्यातले चार तास कामाचे तास म्हणून द्यावेत, आणि ते वेळापत्रकात लिहावेत. इथे कंजूषपणा केला की सगळं बसतं. टीप आल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत लेखकाला फोन, दहा दिवसांत निर्णय. त्यापेक्षा उशीर झाला तर लेखकाला वाटतं, आपलं कुणी वाचलंच नाही, आणि पुढची टीप तो परत फक्त मित्राला देतो. नाकारलेल्या टिपेलाही कारण तोंडीच सांगावं. लेखी नकार वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

टीप कशी असावी, याचा नमुना ई०५३ वरच बघू. पहिल्या खेपेला येते ती साधारण अशी:

‘ई०५३ आल्यास डायकोरोट्रॉन तपासा.’

खरी आहे, पण अपुरी आहे. कुठल्या मॉडेलवर? नेहमीच का? वीज बंद करून की चालू ठेवून? फोनवर बोलून घासल्यावर ती अशी होते:

लक्षण: मशीन मधेच कोसळतं, उठल्यावर ई०५३. एफ०६६ दिसेलच असं नाही. कोडांच्या जुन्या नोंदीत एफ०६६ वारंवार आलाय का ते बघा.

कुठे लागू: नव्या रचनेचा बोर्ड असलेल्या मशीनवरच. जुन्या बोर्डावर याच दोषाने बोर्ड जळतो.

कारण: डायकोरोट्रॉनवर ठिणगी. त्याने २४ व्होल्टचा इंटरलॉक तुटतो, म्हणून कोड वीजपुरवठ्याकडे बोट दाखवतो.

उपाय: ई०५३ च्या वाटेने जाण्याआधी मशीन बंद करून डायकोरोट्रॉन काढा, घाण आणि आवरणावरचा तडा बघा, साफ करा किंवा बदला.

कशाने फसवलं: वीजपुरवठा तपासताना सगळं बरोबर येतं, कारण दोष ठिणगी पडतानाच असतो.

शेवटची ओळ साच्यात मुद्दाम जोडली आहे. गोष्टीचा जो भाग तीन खणांत हरवतो, त्यातला थोडा तिच्यात शिल्लक राहतो, आणि वाचणाऱ्याला नुसतं उत्तर न मिळता नजर मिळते. ‘कुठे लागू’ ही ओळ नसलेली टीप प्रसिद्धच करू नये. चुकीच्या जागी वापरलेली बरोबर टीप एका फटक्यात बाकीच्या शंभर टिपांवरचा विश्वास घालवते.

मोजमापात एकच सापळा आहे आणि तो खोल आहे. ‘प्रत्येकाने महिन्याला दोन टिपा’ असं लक्ष्य ठेवलं की साठा ‘मशीन स्वच्छ ठेवा’ छापाच्या टिपांनी भरतो आणि शोधणाऱ्याला कामाचं काही सापडत नाही. वार्षिक मूल्यमापनात टिपांची संख्या घातली तरी तेच होतं. मोजायचंच असेल तर दुसऱ्या टोकाकडून मोजावं: एकाच ठिकाणी परत जावं लागण्याच्या फेऱ्या, खात्री नसताना बदललेले भाग, वरिष्ठ तज्ज्ञाला बोलवावं लागण्याच्या वेळा. हे आकडे साठा वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या गटांत शेजारी ठेवून बघावेत, फ्रान्समध्ये पाहिले तसे. आणि ते व्यक्तीवार जाहीर करू नयेत. टीप शोधली म्हणजे याला काम येत नाही, अशी नोंद होते असं एकदा कळलं की शोध चोरून होतात किंवा होतच नाहीत.

एकसारख्या टिपा ही दुसऱ्या वर्षाची अडचण. तपासणाऱ्याने नवीन टीप जुन्या टिपेत मिसळावी आणि नाव दोघांचंही ठेवावं. नाव गळालं तर दुसरा लेखक गेला समजा. तिसऱ्या वर्षाची अडचण जास्त धोक्याची: टीप एकदा खरी होती, आता नाही. भागाची रचना बदलते, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, मॉडेल बंद होतं. म्हणून प्रत्येक टिपेवर शेवटची खातरजमा कधी झाली त्याची तारीख हवी. कारखान्याकडून रचनेतल्या बदलाची सूचना आली की त्या भागाच्या सगळ्या टिपा तपासणाऱ्याच्या यादीत आपोआप परत यायला हव्यात. हा दुवा बहुतेक ठिकाणी नसतो. दुरुस्ती विभाग आणि रचना विभाग वेगवेगळ्या साहेबांच्या हाताखाली असतात आणि बदलाची सूचना टिपांपर्यंत येतच नाही.

तोच दुवा उलट्या दिशेने आणखी मोलाचा आहे. एकाच भागाबद्दल वेगवेगळ्या शहरांतून सात-आठ टिपा आल्या, तर ती आता दुरुस्तीची युक्ती उरत नाही, रचनेतला दोष असतो. तपासणाऱ्यांनी दर तिमाहीला अशा टिपांचा गठ्ठा रचनाकारांसमोर ठेवावा, आणि त्या बैठकीला टीप लिहिणाऱ्यांपैकी दोन जण तरी हजर असावेत. नव्या बोर्डाने ठिणगीची खूण पुसली, हे रचना करणाऱ्याच्या कानावर त्याच वर्षी गेलं असतं, तर पुढच्या बोर्डावर एफ०६६ हटकून दिसेल अशी सोय करता आली असती, आणि ई०५३ ची टीप लिहायचीच वेळ आली नसती.